वकीलपत्राला वारस नसतो

आमचे वकील वारले तेव्हा मी भेटून आले, त्यांच्या बायकोचं सांत्वन केलं आणि निर्धास्त घरी बसले. आमच्या मालवणकडच्या गावात गुरव गेला की त्याचा मुलगा देवळात उभा राहतो, भटजी गेले की त्यांचा मुलगा सत्यनारायण सांगतो. वकिलांचा मुलगाही वकील, त्याच खुर्चीवर बसलेला. आमचा दावा आपोआप त्याच्याकडे गेला, असं मी धरून चालले. हा अडाणीपणा माझा, कबूल. पण बाकीच्यांचं काय?

दावा होता घराच्या वाटेचा. चुलतदिराला ती बंद करायची होती, आणि उजवं अंग लुळं पडलेल्या माझ्या नवऱ्याला दर आठवड्याला दवाखान्यासाठी खुर्चीत बसवून त्याच वाटेने रिक्षापर्यंत न्यावं लागे. कोर्टाची मनाई होती म्हणून वाट शाबूत होती. एका सकाळी दिराने वाटेवर चिरे रचले आणि दावा निकालात निघाला म्हणून शांतपणे सांगितलं. मी मालवणला कोर्टात धावले. तिथे कळलं ते असं. तारखेला पुकारा झाला, आमच्यातर्फे कोणी उभं नव्हतं, म्हणून दावा गैरहजेरीत काढून टाकला, मनाई उठली. दिराचे वकील आमच्या वकिलांच्या तिरडीला खांदा देऊन आले होते. कोर्टात मात्र त्यांना तो मृत्यू आठवला नाही! आणि आमच्या वकिलांचा मुलगा म्हणे, "काकी, तुम्ही फाईल न्यायला याल असंच मी समजलो."

तिथून तडक ग्रामदेवाच्या देवळात गेले. नारळसुद्धा नेला नाही. गुरव माझ्यातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायला पुढे आला, त्याला बाजूला सारलं आणि स्वतःच बोलले, "इतकी वर्सां तुझे पाय धरलंय. आता घोवाक खंयच्या वाटेन न्हेव, ता सांग." संतापाने रडू आवरेना.

खांबाजवळ एक वयस्क गृहस्थ बसले होते. खारेपाटणहून नवस फेडायला आलेले, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"वकील गेलो की वकीलपत्र सरलां, बाय. तेका वारस नसता. पण केस मरना नाय. दावो काढल्याक किती दिस झाले?"

मी मोजले. सव्वीस.

"मगे चार आसत. तीस दिसांच्या आत अर्ज घाल, मृत्यूचो दाखलो जोड. देवाक मगे बोल लाव, आधी नव्या वकीलपत्रार सही कर."

काय काय जोडायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

वकिलांच्या मुलानेच अर्ज केला. दावा पुन्हा उभा राहिला, मनाईही परत मिळाली. इतकी वर्षं मी 'देवा, तुझ्यावर भार' म्हणत होते आणि तारखेला फिरकतही नव्हते. ती शरणागती नव्हती, नुसता आळस होता. दिराचा आणि त्याच्या वकिलाचा राग अजून गेलेला नाही. तोही आता देवाच्याच पायाशी ठेवते, मला एकटीला तो पेलत नाही.

मागच्या सोमवारी दिराने चिरे उचलले, खुर्ची जाईल एवढीच वाट केली. शेजारच्या चौघांनी ह्यांना रिक्षात बसवलं. देवळासमोरून जाताना ह्यांनी चालता असलेला डावा हात उचलून कपाळाला लावला. तेव्हा कुठे मीही हात जोडले.