कूलर बंद पडला तेव्हा

माझ्या नवऱ्याच्या झोपेबद्दल सगळ्यांत कमी माहिती मला आहे.

यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून घराचा कारभार मी हातात घेतला होता. (आधीही माझ्याच हातात होता, पण आता डॉक्टरांचा पाठिंबा होता.) मिठाची बरणी माझ्या ताब्यात. फ्रिजवर 'तातडीच्या वेळी काय करावे' ही यादी, क्रमवार.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या सगळ्याच पेशंटना आम्ही झोपेबद्दल विचारतो. झोपेत श्वास थांबत असेल तर हृदयावर ताण येतो, आणि पेशंटला पत्ताही नसतो. हे घोरतात का?"

"नाही," मी म्हटलं.

"मध्येच श्वास अडकतो?"

"नाही."

"मले विचारा ना, डॉक्टर," हे म्हणाले.

"तुम्ही तेव्हा झोपलेले असता," मी म्हटलं. मुद्दा बिनतोड होता.

डॉक्टरांनी तरीही एक तपासणी सुचवली. बोटाला, छातीला यंत्र लावून घरीच झोपायचं. "सध्या नको," मी यांच्या वतीने सांगितलं.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी जेवून हे आडवे झाले. आमचा कूलर जुना, लोखंडी. लावला की खोलीत ट्रक उभा करून इंजिन चालू ठेवल्यासारखं वाटतं. नागपूरकराला त्यातच झोप लागते. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि लाइन गेली.

कूलर थांबला. ट्रक थांबला नाही.

कोराडीच्या वीजकेंद्राला जाणारा कोळशाचा ट्रक चढाला लागावा तसे हे घोरत होते. मी टॉवेल हातात धरून ऐकत राहिले. मग तोही आवाज बंद झाला. तोंड उघडं. छाती हलेना.

"अहो?"

काही नाही. जेवताना यांच्याशी माझं शेवटचं बोलणं "लोणचं ठेवा खाली" एवढंच झालं होतं, हे नेमकं तेव्हा आठवलं. मी फ्रिजकडे धावले. यादीतली पहिली ओळ होती, 'घाबरू नये'. मी तिथेच अडकले. पुढचं काही वाचता येईना. शेवटी कूलरसाठी भरून ठेवलेली बादली उचलली आणि यांच्या अंगावर रिकामी केली.

विहिरीतून वर आल्यासारखा मोठा श्वास घेऊन हे उठून बसले. "काहून वं? मारून राहिली का मले?"

मी हमसून रडायला लागले. ते ऐकून शेजारचे भोयर भाऊजी धावत आले. त्यांची आणि आमची बेडरूमची भिंत एकच.

"भाऊजी, यांचा श्वास थांबला होता!"

"हो, थांबते ना," भोयर भाऊजी शांतपणे म्हणाले. "रोजच थांबते. आम्ही कूलर काढून एसी लावला तवापासून भिंतीतून सारं आयकू येते. घोरता घोरता बंद पडते. मंग आमची मंडळी म्हणते, थांबा, येईन श्वास. आला, का मंग आम्ही झोपतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही तं बाजूलेच झोपता, वहिनी. म्हटलं, यादीत असंन."

पुढे तपासणी झाली, निघायचं तेच निघालं, आणि आता हे नाकावर हवेच्या यंत्राचा मास्क लावून लहान मुलासारखे झोपतात. पण सोमवारी डॉक्टरांकडे जाताना मी भोयर भाऊजींनाही सोबत नेलं होतं.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेजारी. माहिती यांच्याकडे आहे."

"बरं. घोरण्याचा आवाज कसा असतो?"

"कोणाचा, डॉक्टर?" भोयर भाऊजी म्हणाले. "भाऊचा का वहिनीचा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. यांनीही पाहिलं, जरा जास्तच आनंदाने.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी तेव्हा झोपलेली असते."