देवाचे सूत

माझ्या वडिलांना, आबांना, मोडी वाचता येत असे; बाळबोध म्हणजे देवनागरी येत नसे. लहानपणी मुरगुडात एका पंतोजीकडे ते चार पावसाळे मोडी शिकले आणि मग मागावर बसले ते कायमचे. मजजवळचे ख्रिस्ती पवित्र शास्त्र बाळबोध लिपीत छापलेले होते. एवढ्या साध्या गोष्टीवरून पुढचे सगळे घडले.

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात विणकराच्या पोराला कॉलेजात जाता आले, दरबारची शिष्यवृत्ती मिळाली, याची कृतज्ञता मला आजही वाटते. आमच्या आळीतला मी पहिला पदवीधर. पण पदवीच्या आधी एक वर्ष मी बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्या पंक्तीला जेवत होतो त्यांची अडचण नको म्हणून वसतिगृह आपणहून सोडले आणि मिशनच्या आवारात फाटकाजवळची एक खोली घेतली. संध्याकाळी शेजारच्या तालमीतून शड्डूंचे आवाज येत. त्यापलीकडे माझ्या खोलीत मनुष्याचा आवाज असा नसे.

बाप्तिस्म्यानंतर वडिलांनी मला उंबरा बंद केला. आई आधीच वारली होती. सुटीत मी गावी जाई तेव्हा बाहेरच्या दगडावर बसे, आणि आबा आत खिडकीशी मागाच्या खड्ड्यात. आडवे सूत ओढणारा धोटा इकडून तिकडे जाई. मी चार वाक्ये बोललो तर ते एकाचे उत्तर देत. बी. ए. पास झाल्याचे सांगायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी धोटा थांबवला.

"शिकलास, ब्येस केलंस. पर ज्या पुस्तकापायी घर सोडलंस, त्यात हाय तरी काय? आमास्नी वाचता यील असं लिवून धाड की."

त्या वेळचा आनंद मला सांगता येत नाही. आबांनी विचारले होते! आता उंबरा उघडणे माझ्या लेखणीच्या हाती आले, असे मला वाटले.

कोल्हापुराहून मुरगुडाला जाणाऱ्या एका गाडीवानाकडे मी दर आठवड्याला मोडीत उतरवलेले एक पान देऊ लागलो. त्या दिवसांत मी शास्त्र परीक्षेच्या पुस्तकासारखे वाचत असे. रोज तीन अध्याय, संपले की पेन्सिलीची खूण. आबांसाठी उतरवतानाही तोच वेग. शिवाय अंगात नवी पदवी होती. मूळची सरळ मराठी मला फिकी वाटे, मग मी वाक्ये आपल्या शब्दांत फिरवी. एके ठिकाणी 'पुत्राने' असे होते. मी लिहिले, 'देवाच्या सुताने आपल्याला देवाशी जोडले.'

पुढच्या खेपेला गेलो तर आबांनी मला पाहताच माग थांबवला. शेजारचे रंगारी चाचा सुताच्या रंगवलेल्या लडी घेऊन आले होते, तेही बसले होते. आबांनी कोनाड्यातून माझे पान काढले. घड्यांवर ते फाटायला आले होते.

"ह्ये एक वाक्य म्हैनाभर वाचतोय," ते म्हणाले. "आमचा धागा तुटला तर आमी गाठ मारतो. देवापासनं माणूस तुटला, तर देवानं आपलंच सूत घातलं आनि जोडलं. व्हय का न्हाय? पर मला सांग, त्यो देव सूत काततो कशाचं?"

चाचा हसले. "दादा, तुमी तर सुतावरनं सर्गाला निघालासा की!"

आणि मीही हसलो. चाचांच्या हसण्यात माया होती. माझ्या हसण्यात काय होते ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "आबा, ते सूत नव्हे. सुत म्हणजे मुलगा. संस्कृत शब्द आहे."

आबांनी त्या शब्दावर बोट ठेवले.

"पुस्तकात 'सुत' लिवलंय?"

"नाही. पुत्र."

"मग तू कशापायी बदललंस?"

'पुत्र' हा शब्द त्यांनी सहज वाचला असता. मी तो त्यांच्यासाठी बदललाच नव्हता.

"पुस्तकावर घर ववाळून टाकलंस," आबा म्हणाले, "आनि त्यातला सबूदबी जागच्या जागी ठिवंना झालाईस." त्यांनी पानाची घडी घातली, ते खिडकीतून माझ्या हातात दिले आणि धोटा पुन्हा चालू झाला. चाचा मान खाली घालून लडी मोजू लागले. मी संध्याकाळपर्यंत दगडावर बसून होतो.

कोल्हापुरात परतल्यावर मी पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्या. शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून मोडीत उतरवायला घेतले, एकही शब्द न बदलता. पहिल्यांदाच मला कळले की ज्या पुस्तकाचे कितीतरी अध्याय मी संपवले होते, ते मी वाचलेच नव्हते. शब्दाला देह मिळाला, अशा अर्थाच्या वाक्याशी मी आठ दिवस अडलो. मिशनच्या पाळकसाहेबांना विचारले, टीकाग्रंथ चाळले. शेवटी ते वाक्य तसेच उतरवले आणि खाली लिहिले, 'आबा, हे मला समजलेले नाही.' पान गाडीवानाला दिले.

तीन आठवडे काही आले नाही. चौथ्या आठवड्यात गाडीवान फाटकाशी उभा राहून ओरडला, "ओ बीए! म्हाताऱ्यानं सांगितलंय, आता खरं लिवलंस म्हनावं!"

सोबत पान होते. त्या वाक्याशेजारी समासात टोचून निळ्या सुताची गाठ मारलेली होती.

पुढे चार वर्षे असेच चालले. मी पान पाठवी. आबा अडले तिथे गाठ मारून परत धाडत. मी त्या जागेवर बसे, कळले तर लिही, न कळले तर तसे लिही. कधी एका पानावर पाच गाठी असत. उंबरा मात्र त्यांनी उघडला नाही. मी जाई तेव्हा दगडावरच बसे आणि पुस्तकाविषयी समोरासमोर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दोघांचे बोलणे काय ते त्या गाठींत.

ते वारले ते मला गाडीवानाकडूनच समजले, सगळे उरकल्यावर. त्याने कोनाड्यात सापडलेले शेवटचे पान आणून दिले. त्यावर एकही गाठ नव्हती. सगळे समजले म्हणून, की वाचायचे राहून गेले म्हणून, हे मला कोण सांगणार?

अजून मी रोज थोडे उतरवतो, मोडीतच. आता ते वाचणारे कोणी नाही. अडलो की खाली लिहितो, 'आबा, हे समजले नाही,' आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून सुरू करतो.