पूर्णगडला नेलेलं पांढरं मेण

कंडक्टरने पिशवी डिकीत टाकायला सांगितली तरी मी ती मांडीवरच ठेवली. आत पांढऱ्या मेणाचा चुरा होता. पुण्यातल्या दुकानात त्याला इमल्सिफाइंग वॅक्स म्हणतात. तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवायचं काम ते करतं. मी घरी क्रीम बनवते, त्यात असं काही घातलं नाही तर ते फुटतं आणि पाणी सुटतं.

मामीचा फोन आला होता, "तुझं ते क्रीम आमच्या बायकांना शिकवून जा गो. हेदवीच्या गणपतीच्या माघी उत्सवात टेबल मिळालंय!" मामीचं माहेर हेदवीचं. तिचा बचत गट कोकमाच्या बियांचं मुठेल काढतो. मुठेल म्हणजे टाचांच्या भेगांना लावायचे ते तुपकट गोळे. शहरातली माणसं ते उचलतात, हुंगतात आणि परत ठेवतात. क्रीम खपलं तर बिया कुटायला यंत्र घ्यायचं, असं बायकांच्या मनात होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. आंबा घाटात पोट ढवळत असेल तर पुढची जागा मागून घ्या. रत्नागिरीहून पावसमार्गे पूर्णगडची बस मिळते. गाड्या मोजक्याच आहेत, स्टँडवर दोघांना विचारून खात्री करा. (मी चौघांना विचारलं.) राहायला लॉज दिसला नाही, आपलं कुणी असेल तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावन खाऊन किल्ला बघितला. इतका लहान की चहा निवायच्या आत फिरून होतो. तटावरून खाडीचं मुख, होड्या आणि वाळत टाकलेली जाळी दिसतात. तिथे मन शांत झालं. ती शांतता दुपारपर्यंतच टिकली.

दुपारी मामीच्या पडवीत बायका जमल्या. एका टोपात मुठेल आणि मेण वितळवलं, दुसऱ्यात पाणी तापवलं, पाणी धारेने ओतत रवीने घुसळलं. बघता बघता सगळं दुधासारखं पांढरं झालं.

"अगो, लोणीच आलं!" मामी ओरडली.

खाडीकडच्या आळीतली रशीदाभाभी गटात सगळ्यात जुनी. तिने बोटावर क्रीम घेतलं, पण लावलं नाही. "बाय, हे मेण कसलं? झाडाचं की जनावराचं?"

मला ठाऊक नव्हतं. असं मेण पामतेलापासूनही करतात आणि चरबीपासूनही, एवढंच वाचलं होतं. मामीने मला कोपर मारलं. "झाडाचंच असणार. हो की नाय गो?"

चौथीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडायची, अंदाज भरायचा नाही, हा त्यांचा नियम. अजून परीक्षा संपलेली नाही असं मला अनेकदा वाटतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

"विचारच," रशीदाभाभी म्हणाली. "तुमच्या देवाच्या दारात विकायचं, आमच्या घरात लावायचं. दोन्हीकडे शिव्या मीच खाऊ काय?" बायका हसल्या. मामी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डब्या घ्यायला रत्नागिरीत गेलो. मामी झाकणं उघडून बघत होती तेव्हा मी बाहेर येऊन पुण्याच्या दुकानात फोन लावला.

"ड्रमवर तसं काही लिहिलेलं नसतं, ताई," दुकानदार म्हणाला. "तुम्ही झाडाचं धरून चाला."

मी मामीला तसंच्या तसं सांगितलं.

"म्हणाला ना तो? मग झालं."

"मामी, तो 'धरून चाला' म्हणाला."

मामीने माझ्याकडे बघितलं. मग निवडलेल्या डब्या एकेक करून फळीवर परत ठेवल्या. दुकानदार विचारत राहिला, भाव जास्त वाटला का?

मिरकरवाड्याला जाऊन मासळीचा लिलाव बघायचं ठरलं होतं, ते राहिलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. रात्री कुळथाची पिठी आणि भात वाढला, "अजून घे" म्हणाली नाही. मामीच्या घरी हे पहिल्यांदाच घडलं.

निघायच्या सकाळी रशीदाभाभी वाटेत भेटली. "टेबल सोडलं नाय हां. गोळेच मांडतोय, बारके करून," म्हणाली. बस आली तशी मामीने केळीच्या पानात बांधलेलं मुठेल माझ्या हातात कोंबलं.

"घे. यात काय हाय ते मला विचार, सांगते."

ती रागावली होती की नाही, हे लांज्यापर्यंत ठरवत बसले. लांजा माझ्या वाटेवर नव्हताच, रत्नागिरीला चुकीच्या बसमध्ये बसले होते. तेव्हा स्टँडवर चौघांना विचाराच.

पुण्यात आल्यावर दुसऱ्या दुकानात मेण मागितलं आणि ते कशाचं आहे ते कंपनीकडून लिहून आणा म्हटलं. माणूस वैतागला, पण 'बघतो' म्हणाला. कागद अजून आलेला नाही. उत्सव होऊन गेला. गोळे किती खपले ते मामीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवा मात्र तिचा फोन आला. "कागद आला काय गो?" एवढंच.

क्रीम लावलं की हातात कुठे जिरतं ते कळत नाही. मुठेलाचे डाग मात्र चादरीला, पुस्तकाला, फोनलाही लागलेत. पुसायचे आहेत. पुसलेले नाहीत.