दसऱ्यापर्यंतची शाळा

करुणाताईसारखं शिकवणारं माणूस जवळा बाजारच्या अख्ख्या पट्ट्यात नव्हतं, आणि तिच्याएवढी मोठी चूकही कुणी केली नाही. मी शेजारच्याच वस्तीवर शिकवत होतो, म्हणून बोलतोय.

दोन हजार एक साली तिला वस्तीशाळा मिळाली. शाळा म्हणजे एक रिकामा गोठा आणि चोवीस लेकरं. मोठा शब्द दिसला की लेकरांना धडकी भरायची. ताई म्हणायची, "भाकर आख्खी तोंडात घालता का रे? तुकडा मोडा." मग पोरं जमिनीवर थाप मारत शब्द मोडायची. जव, ळा, बा, जार. चार थापांत शब्द संपला. पोरांची भीती कुठल्या कुठे गेली.

पण मोडलेलं जोडून सलग वाचायला शिकवायचं ते दिवाळीनंतर, असा तिचा नेम. आणि वस्तीवरची निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याला परतायची. तोवर लेकरं सगळं विसरलेली. मग पुन्हा पहिल्यापासून मोडणं. मी तिला एकदा बोललोही. ती म्हणाली, "घाई केली की लेकरं पुन्हा भेतेत, सर."

कोमल त्यांच्यात सगळ्यांत तल्लख, तेरा वर्षांची. तोडीवर आईबाप फडात गेले की तान्ह्या भावाला तीच सांभाळायची. हिला यंदा मागे ठेवा, मी माझ्या घरी सांभाळते, म्हणून ताई तिच्या बापाच्या, सोनाजीच्या, हात धुऊन मागे लागली. शेवटी तो म्हणाला, "तान्ह्याला धाकटी बेबी बघंल. पण हिला एक पान वाचून दावू द्या. आलं तर ठिवतो."

ऊसतोडीच्या टोळीला न्यायला ट्रक यायच्या आदल्या दिवशी कोमल वाचायला बसली. थाप मारत, एकेक तुकडा, एकही चूक नाही. सोनाजीनं पान संपूच दिलं नाही.

"हे वाचणं हाय व्हय? अडखळूनच राहिली की पोरगी. दोन वर्सं झाली ना, बाई?"

"बराबर वाचून राहिली ती, भाऊ. आता फकस्त जोडायचं राहिलंय."

"मंग काहून न्हाई जोडलं?"

ताईनं कोमलपुढचं पुस्तक मिटलं. तिची बाजू मी घ्यायला हवी होती. मी तोंड उघडलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

पाडव्याला टोळी आली, कोमल आली नाही. तिकडंच, टोळीतल्याच एका घरात तिचं लग्न लावून दिलं होतं. ताईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

जूनपासून तिनं आपला नेम सोडला. मोडणं आणि जोडणं एकाच दिवशी. दसऱ्याच्या आत बेबी घडाघडा वाचू लागली. ताईनं सोनाजीला बोलावून घेतलं. बेबीनं आख्खं पान कुठंही न थांबता वाचलं. या वेळी त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

"लई बराबर वाचती," तो म्हणाला. "कोमल असती तर हिला ठिवलंच असतं, बाई. आता लेकराकडं कोण बघंल?"

दुसऱ्या दिवशी बेबी भावाला काखेत घेऊन ट्रकमध्ये चढली.