आईचं अंगण आणि नियम क्रमांक पाच

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता आखातातल्या सनाबिसमध्ये आमच्या दारावर नोटीस लागली: सात दिवसांत अंगणातलं कृत्रिम गवत काढा.

ते गवत आईसाठी घातलं होतं. वडील गेल्यावर ती कराडजवळच्या गावाहून तीन महिन्यांच्या व्हिजावर पहिल्यांदाच आमच्याकडे आली. गावी रोज पहाटे अनवाणी चालायची सवय. आमच्या अंगणात टोकदार खडी होती. आठव्या दिवशी तिने परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं काढायला सांगितलं. तिने तिकडे एकटीने राहावं, हे मला नको होतं.

गवत घालायची परवानगी मागितल्यावर आमच्या वसाहतीच्या, म्हणजे कंपाउंडच्या, ऑफिसने नियमांचा कागद दिला. गवत फक्त मागच्या अंगणात. रंग त्यांच्याकडच्या नमुन्यासारखाच. आधी खडी काढून वाळू दाबून घ्यायची. नियम चार: खाली प्लॅस्टिक हवंच. सगळ्या सह्या मिळायला तीन आठवडे गेले. नियम पाच शेवटच्या पानावर होता. तो मी वाचला नव्हता.

गवत बसल्यावर आई पहिल्याच दिवशी उन्हं वर आल्यावर त्यावर उतरली आणि लगेच मागे फिरली.

"आगं, ह्ये गवत न्हवं, तवा हाय."

दुसऱ्या दिवसापासून चालायच्या आधी तिने त्यावर सडा घालायला सुरुवात केली. चांगल्या दोन बादल्या. पाणी प्लॅस्टिकवरून वाहत भिंतीखालून शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं. त्यांनी तक्रार केली.

नोटीस घेऊन मी ऑफिसात गेले. मॅनेजर भारतीयच. आमचं बोलणं हिंदीत झालं.

"नियम पाच, मॅडम. कृत्रिम गवतावर पाणी टाकायचं नाही."

"पाण्याशिवाय ते भाजतं."

"मग वर सावलीचं कापड लावा."

"त्याची परवानगी?"

"वेगळा अर्ज. एक महिना, इंशाल्ला."

"आणि प्लॅस्टिक काढलं तर? पाणी खालीच मुरेल."

"प्लॅस्टिक नियम चारमध्ये आहे. ते काढता येणार नाही."

"म्हणजे पाणी वाहतं ते तुमच्या नियमामुळे, आणि नोटीस मला?"

"गवत काढा, मॅडम. खलास."

घरी आल्यावर हे सगळं आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"पाणी चालत न्हाय, आन् म्हनं गवत. एवढं शिकून ह्येच आनलंस व्हय? माझं तिकीट बघ आता."

मी बघितलं नाही. शुक्रवारी कामगारांनी गवत आणि प्लॅस्टिक गुंडाळून नेलं. खाली दाबलेली बारीक वाळू उरली. कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. खडी परत टाकण्याबद्दल त्यात काही नव्हतं. पाण्याची बंदी फक्त गवत असलेल्या अंगणांना होती. मॅनेजरला फोन केला. तो बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, "वाळूवर टाकू शकता."

शनिवारी पहाटे आईने वाळूवर सडा घातला आणि अर्धा तास अनवाणी चालली. व्हिजा संपेपर्यंत ती आमच्याकडे राहिली.