पेटीतला घोडा

शुक्रवारची सुट्टी. मस्कतच्या रुवी भागातल्या दोन खोल्यांच्या घरात जयवंती ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि रामकृष्ण खिडकीशी उभा राहून फोनवर बोलत होता. नवऱ्याच्या ऑफिसच्या बोलण्याकडे तिचं एरवी लक्ष नसायचं. पण त्या दिवशी एक शब्द कानात शिरला तो शिरलाच.

"नाही रे, घोडा अजून विमानतळावरच आहे. कागद जुळत नाहीत ना! सुटला की कळवतो."

आता हा घोडा काय होता ते आधी सांगायला हवं. रामकृष्ण मस्कतमधल्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीत माल सोडवायच्या कामावर होता. बाहेरून बॅटी येत, जाळ्या येत, व्यायामाची यंत्रं येत; कस्टममधून ती सोडवून गोदामात पोचवायची. २०१६ सालच्या त्या उन्हाळ्यात कंपनीनं एका नेमबाजीच्या क्लबासाठी नवं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मागवलं होतं. परदेशात नुकतंच बाजारात आलेलं. क्लबातले नेमबाज त्याची अशी वाट बघत होते की दिवसातून दहा फोन. पिस्तूल विमानानं आलंही. पण कारखान्याच्या कारकुनानं कागदावर एक आकडा चुकवला होता. पेटीवर एक नंबर, कागदावर दुसरा. तिकडून दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत कस्टमवाले पेटी देणार नव्हते, आणि असल्या वस्तूच्या बाबतीत त्यांचं बरोबरच होतं.

रामकृष्णाच्या शेजारच्या टेबलावर आदिल बसायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, वाढलेला भायखळ्यात. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "अरे, परमुलखात फोनवर पिस्तूल पिस्तूल काय ओरडतोस? घोडा म्हण. आमच्या गल्लीत पोरंसोरंपण घोडाच म्हणतात." तेव्हापासून ऑफिसात घोडाच झाला.

घरी मात्र रामकृष्णानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. झुरळ मारलं तरी देवाची माफी मागणारी बायको. तिला कशाला सांगा?

जयवंतीला ठाऊक होतं ते एवढंच, की कसलासा माल अडकलाय आणि त्यापायी रजा अडकलीय. आणि रजेवर तर तिचा सगळा जीव टांगलेला होता. लेक विशाखा कराडला सासरी, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. सातव्यात ओटी भरून तिला दापोलीला माहेरी आणायची. आठव्यात प्रवास नको. त्यातून मधे कुंभार्ली घाट. व्याह्यांकडची रीत अशी, की मुलीला न्यायला आईबापांनी जोडीनं यायचं. आणि परवान्यावर माल ताब्यात घेणारा म्हणून नाव रामकृष्णाचं. अर्बाबानं, म्हणजे मालकानं, स्वच्छ सांगितलं होतं, "आधी माल, मग तिकीट. इन्शाल्ला, लवकरच."

म्हणजे अडकला होता तो घोडा! जयवंतीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "अहो, कधीपासून अडकलाय तो?"

"पंधरवडा होत आला." रामकृष्ण फोनवर पुढचा नंबर शोधत होता.

"अग्गंबाई! उन्हात?"

"छे! उन्हात कसा ठेवतील? आत एसी आहे. पेटीत आहे बंद."

"पेटीत?"

"मग काय मोकळा सोडतील?"

जयवंतीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "आणि पाणी?"

"पाण्याचा थेंब लागता कामा नये. तशी सक्त ताकीदच आहे कंपनीची."

"आणि खायचं हो?"

"खायचं काय मग, होऊ दे की तुझं. भूक लागलीच आहे," असं म्हणून रामकृष्ण पाटावर येऊन बसला.

तो निवांत जेवला; तिच्या डोक्यातून मात्र ते जाईना. पंधरा दिवस, बंद पेटीत, पाण्याशिवाय. कसलं हे काम आणि कसली ही माणसं! नवऱ्याला दोन शब्द सुनवावेत, असं मनात आलं. पण तो बापडा स्वतःच रजेच्या काळजीनं वाळलेला. शिवाय तिला वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल. परक्या देशात वीस वर्षं काढली तरी कितीतरी गोष्टी तिला कळलेल्या नव्हत्या, आणि विचारलं की लोक हसतात, हे कळलेलं होतं.

समोरच्या घरात श्रीवर्धनची कुबरा राहायची. तिचा नवरा तय्यब मवालेहच्या भाजीबाजारात गाळा चालवायचा. दुपारी मेथीची जुडी घेऊन जयवंती तिच्या दारात गेली.

"कुबराभाभी, घोडे विमानानं येतात का गो?"

कुबरानं चष्मा वर केला. "येतात की. शर्यतीचे येतात. आमचे हे तिकडे सीबच्या पुढं एका तबेल्यात गाजरं पोचवतात ना, ते सांगतात. बरोबर डॉक्टर असतो, माणूस असतो. आपण येतो त्याच्यापेक्षा बऱ्या सीटवर येतात म्हण."

"आणि यांचा घोडा बंद पेटीत आहे. पंधरा दिवस. पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणतात."

"तौबा तौबा! मरेल की गो तो!"

"यांना विचारलं तर जेवायला बसतात."

दोघीही विचारात पडल्या. कुबरा म्हणाली, शर्यतीच्या घोड्याला वजन वाढू नये म्हणून उपाशी ठेवत असतील. जयवंती म्हणाली, वजन राहू दे, जीव राहायला नको का? मग कुबरा म्हणाली, असेल काही इंजेक्शन देऊन झोपवलेला, हल्ली काय काय निघालंय. ते काही अंशी पटलं आणि काही अंशी नाही. शेवटी दोघींनी ठरवलं, की आपल्या हातात एकच आहे. कुबरानं दुपारच्या नमाजाला दुआ मागितली. आणि जयवंती घरी येऊन देवापुढे बसली.

तिच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. कुलस्वामीच तो. आणि घोड्याचं दुःख सांगायचं ते ज्याची बैठकच घोड्यावर त्यालाच नाही तर कुणाला? तिनं हात जोडले. "मल्हारी, त्या मुक्या जिवाला सुखरूप सोडव. लेकीच्या ओटीला कराडला आले की तिथून तुझ्या पालीला येईन आणि तुझ्या पायाशी चांदीचा घोडा वाहीन."

तरी जीव स्वस्थ बसेना. रविवारी ऑफिस सुरू झालं, त्या सकाळी तिनं नवऱ्याच्या पिशवीत एक जादा डबा ठेवला. आत भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा.

"हा कुणाला?" रामकृष्णानं विचारलं.

"त्याला द्या. नियम बियम काही असो. माझं नाव सांगा हवं तर."

रामकृष्ण बसच्या घाईत होता. 'त्याला' म्हणजे आदिलला, असं समजून तो निघून गेला.

दुपारी आदिलचा फोन आला. "वहिनी, हरभरे झकास. गूळ तर काय विचारूच नका. फक्त मीठ विसरलात बघा."

"तुम्ही खाल्लेत?" जयवंती किंचाळलीच. "अहो भाऊजी, ते घोड्याचे होते!"

पलीकडे हसण्याचा असा स्फोट झाला की तिनं फोन कानापासून लांब धरला. "वहिनी... वहिनी, तो घोडा हरभरे नाही खात. तो गोळ्या खातो!"

"आजारी आहे का?"

यावर आदिलनं फोन रामकृष्णाच्या हातात दिला आणि रामकृष्णानं, "घरी येऊन सांगतो," म्हणून तो बंद केला.

संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं. जयवंती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग येत होता, जात होता, पुन्हा येत होता. शेवटी ती म्हणाली, "माझ्या वडलांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. मला काय सांगता? बंदुकीला घोडा असतो. बंदूक घोडा नसते! कुठलं मराठी हे?"

"भायखळ्याचं," रामकृष्ण पडलेल्या आवाजात म्हणाला.

"आणि ते सेमी काय म्हणालात?"

"सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे अर्धं आपोआप. एक गोळी उडाली की पुढची आपली आपण जागेवर येऊन बसते."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते माणसानं. दर वेळी चाप माणसानंच ओढायचा."

मग हळूच तिनं नवसाचं सांगितलं. रामकृष्ण आधी चकित झाला, मग त्याला राहवेना. "मग आता काय? खंडोबाला चांदीचं पिस्तूल वाहणार?"

जयवंती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "थट्टा सुचते तुम्हाला. मी हत्यार सुटावं म्हणून देवाला साकडं घातलंय. उद्या त्यानं कुणाचा जीव गेला तर? आणि तोंडानं लेकीच्या ओटीचं नाव घेऊन मागितलंय मी ते. पोटातल्या बाळाचं नाव घेऊन!"

आता त्याचंही हसू मावळलं. "अगं, ते नेमबाजीचं आहे. कागदावरच्या ठिपक्यावर मारायचं. क्लबाच्या कपाटात कुलूपबंद असतं, बाहेर जात नाही."

"शपथेवर सांगता?"

रामकृष्ण खोटं बोलणारा माणूस नव्हता. "मी सोडवतो आणि पोचवतो. तिथली शिस्त मी बघितलीय, कडक आहे. पण त्याच्या पुढचं मी कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी ती देव्हाऱ्यापुढे बसली खरी, पण मागायचं काय तेच ठरेना. नवस मागे घ्यावा, तर पेटी तिथंच राहील, सातवा महिना सरेल आणि विशाखा आईची वाट बघत कराडला राहील. मागे न घ्यावा, तर हत्यारासाठी देवाला भरीस घातल्यासारखं होतं. बरं, नवस मागे घेता तरी येतो का? तिच्या आईनं नवस करायचे कसे, फेडायचे कसे, सगळं शिकवलं होतं. हे नव्हतं शिकवलं. खंडोबाच्याच हातात टाकावर खड्ग होतं. ते रोज पुसताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि काय वाटलं तेही धड कळेना.

ती उठून कुबराकडे गेली. सगळं ऐकून कुबरानं आधी पदरात तोंड घालून हसून घेतलं आणि मग गंभीर झाली. "म्हणजे मीपण पिस्तुलासाठीच दुआ मागितली म्हण की."

"आता काय करायचं गो?"

"आपण तर घोडाच म्हटलं होतं. ऐकणारा काय शब्दांत अडकतो?"

"मग कशात अडकतो?"

"मला काय ठाऊक बाय? तुझ्या मनात काय होतं ते तू सांग त्याला. मी मघापासून भात टाकायचाय म्हणून उभी आहे."

जयवंती परत आली आणि तिनं निरांजन लावलं. या वेळी तिनं हात जोडले नाहीत. शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "देवा, मी घोड्यासाठी मागितलं होतं. तहानलेला कुठला घोडा जगात कुठंतरी असेलच, त्याला सोडव. तुझा चांदीचा घोडा मी वाहीन, तो त्याच्या नावानं. त्या पेटीचं मी काही मागत नाही. सुटू दे असंही म्हणत नाही, अडकू दे असंही म्हणत नाही. लेकीला मात्र मला आणायचीय. यातून कसा काय मार्ग काढायचा तो तू काढ, मला कळत नाही."

मार्ग देवानं काढला की आपला आपण निघाला, कोण जाणे. आठवडा उलटायच्या आत कारखान्याचं पत्र आलं. नंबर जुळला. रामकृष्णानं सही करून पेटी ताब्यात घेतली, पोलिसांच्या देखरेखीखाली क्लबात पोचवली, आणि तिथूनच फोन केला, "जयवंती, सुटला एकदाचा! खलास! परवाचं विमान आहे."

तिला आनंद झाला, आणि आनंद झाला याची भीती वाटली, आणि या दोन्हींच्या मधे उभं राहून तिनं आधी कराडला फोन लावला. विहीणबाईंनी, सुचित्राताईंनी, उचलला.

"ताई, सुटला हो! सुखरूप सुटला!" जयवंतीला धाप लागली होती.

"अगं बाई! कोण सुटलं? विशाखा तर ही समोर शेंगा सोलत बसलीय. तिचे दिवस कुठं भरलेत अजून?"

"तसं नाही हो, विशाखा नाही. यांचा... यांचा तो..." पिस्तूल हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला. लेकीच्या सासरी, ओटीच्या तोंडावर, तो काही केल्या बाहेर पडेना. "यांचा घोडा हो. विमानतळावर अडकला होता ना, म्हणून तर रजा नव्हती. तो सुटला. आम्ही येतोय परवा. जोडीनं येतोय. ओटीचा दिवस धरा तुम्ही."

पलीकडे सुचित्राताईंनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी काही विचारलं. मग घसा साफ केला.

"या, अवश्य या. पण जयवंतीताई, राग मानू नका हं... आमच्याकडे त्याला बांधायला जागा नाही."