चाल पास न्हाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या दादांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत तयार माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी खडूने फुली मारली की तो माल परत मशीनवर. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पण खडू काही सुटला नाही. रोज सकाळी साडेसहाला ते तळवड्याच्या रस्त्याने फिरायला निघतात आणि फूटपाथवरच्या प्रत्येक हलत्या फरशीवर फुली मारतात. त्या फुल्या चुकवत मागे चालणारे वाढत वाढत आता दहाबारा झाले आहेत. हिंजवडीला जाणारी एक मुलगी तर एवढ्यासाठी कंपनीची कॅब दोन चौक पुढे बोलावते. कुणी मुकाट्याने चालू लागलं की दादा हटकणारच, "काय राव, बोला की! चालताना बोलता आलं पायजे, न्हाईतर दम कमी पडतोय समजा." वर्षानुवर्षं एकच जिना चढणारे आम्ही लोक एकमेकांची नावं शिकलो ती या बोलण्यातच. घरी वहिनींच्या चहाला मात्र अजून "बरा हाय" याच्यापुढे शेरा मिळालेला नाही.

मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून दादांची मी 'बाई'. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला आणि माझा उजवा पाय रुसला. एकटीने चालता येईना, तेव्हा लेक म्हणाली, आता घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. घर सोडायचं नव्हतं, आणि लोकांसमोर पाय ओढत चालायची तर लाजच वाटायची. एका सकाळी दादा दारात उभे. म्हणाले, "बाई, आमच्या पोरीचा निबंध कितीदा परत लिवून घेतला तुमी? आता तुमची पाळी." त्या दिवसापासून रोज तोच निकाल, "पास न्हाई. टाच घासतीय. उद्या परत." मी चिडायचे, मनातल्या मनात बोल लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. चार महिन्यांनी डेअरीतून एकटी दूध घेऊन आले, तर गेटपाशी दादा माझ्या पायांकडे बघत उभे होते. "चालंल," एवढंच म्हणाले. लेकीला मी त्याच दुपारी फोन केला, की मी इथेच राहणार.

यंदा दादांचा गुडघा कुरकुरायला लागला आहे. परवा ते सगळ्यांच्या मागे पडले, तशी मीही मुद्दाम रेंगाळले.

"बाई, माझी चाल कशी हाय?"

"पास," मी समोर बघतच म्हटलं.

दादा थांबले. "बघितलं पण न्हाई तुमी. न बघता पास करायचं नसतं."

मग मी चार पावलं मागे राहिले आणि नीट बघितलं. डावा पाय पुरता वाकत नव्हता. यापुढे तो कधी पुरता वाकेल असं मला वाटलं नाही, आणि हे दादांना माझ्याआधी कळलेलं होतं. तरी मी शाळेतला आवाज काढला. "पास नाही. गुडघा वाकत नाहीये. उद्या परत."

दादा इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच मी त्यांची बेल वाजवली.